खालच्या कुरणाचं फाटक

डॉक्टर लोरेटा व्हुकोविचने डॉर्सी योहोला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या डोक्यावर ॲल्युमिनियमच्या कारखान्यातलं हेल्मेट होतं, तोंडावर वेल्डरचा मुखवटा होता, अंगात पिवळा रेनकोट होता, डाव्या हातात कचऱ्याच्या डब्याचं झाकण ढालीसारखं धरलेलं होतं आणि उजव्या मांडीत इंजेक्शनची सुई रुतलेली होती. मे महिन्यातली लख्ख दुपार. आभाळात औषधालाही ढग नव्हता. तरी रेनकोटवरून काहीतरी हिरवं आणि ओशट निथळत होतं. त्याचा वास असा, की लोरेटाच्या ट्रकमागे भुंकत आलेलं शेजाऱ्याचं कुत्रं वाटेतच थबकलं, आणि घरी काम राहिल्याचं आठवावं तसं मुकाट्याने परत फिरलं.

वीस हातांवर सिनेटर उभा होता. सिनेटर म्हणजे लामा, उंटाचा बिनवशिंडाचा चुलतभाऊ. पांढराशुभ्र, माणसाहून उंच, कान केळ्यासारखे वाकडे, पापण्या नटीला हेवा वाटावा अशा, आणि चेहऱ्यावर एखाद्या मतदाराचा अर्ज नुकताच फेटाळल्याचं समाधान.

"पुढून येऊ नको पोरी!" डॉर्सी मुखवट्याआडून ओरडला. "पुढून थुंकतो!"

"मग मागून येऊ?"

"मागून लाथ मारतो!"

"बाजूने?"

"बाजूने अजून कुणी गेलेलं नाही. तू डॉक्टर आहेस, तू ठरव."

लोरेटाला गुरांची डॉक्टर होऊन तेव्हा जेमतेम अकरा महिने झाले होते. ती पोलादाच्या गावातली मुलगी. कॉलेजात गायी शिकली, घोडे शिकली. लामावर सबंध शिक्षणात एकच व्याख्यान झालं होतं, तेही शुक्रवारी दुपारी, आणि त्यातलं अर्धं तिने झोपेत ऐकलं होतं. तिने आपलं जे येत होतं ते केलं. "आधी तुमच्या मांडीतली सुई काढू का?"

"काढ, काढ. औषध गेलंय सगळं आत. सिनेटरचं होतं. आता महिनाभर मला तरी जंत होणार नाहीत."

पायरीवर एक ठेंगण्याठुसक्या बांध्याची बाई मांडीवर शेंगांचं पातेलं घेऊन बसली होती. ती डॉर्सीची बायको, ट्वायला. शेंग मोडता मोडता ती म्हणाली, "डॉक्टर, असं करा. ह्याला ट्रकमध्ये घालून घेऊन जा, आणि लामाला राहू दे इथेच. मला दोघंही आवरत नाहीत."

मग तिने पातेलं खाली ठेवलं, सिनेटरपाशी गेली, त्याच्या मानेत हात घातला आणि तोंड मिटून काहीतरी गुणगुणू लागली. लामाही गुणगुणतात, नाकातल्या नाकात, प्रश्न विचारल्यासारखे. दोघांचं ते संगीत सुरू झालं आणि लोरेटाने बाजूने जाऊन सुई टोचली. सिनेटरच्या कानाचं टोकसुद्धा हललं नाही.

डॉर्सी मुखवटा वर करून बघत राहिला. "सत्तावीस वर्षं संसार केला," तो म्हणाला, "मला कधी असं धरलं नाही हिने."

"तू कधी इतका शांत उभा राहिलास?" ट्वायला म्हणाली.

डॉर्सीने तीस वर्षं नदीकाठच्या कारखान्यात वितळलेल्या ॲल्युमिनियमपाशी घालवली होती. ट्वायला शाळेची बस चालवायची. ओहायोच्या त्या आग्नेय कोपऱ्यातले डोंगरधारेवरचे रस्ते मुळात शेळ्यांनी आखलेले. त्या रस्त्यांवर पन्नास पोरं आणि एक बस घेऊन सव्वीस वर्षं जाणारी बाई लामाला घाबरेल, हे शक्यच नव्हतं. निवृत्त झाल्यावर आजूबाजूच्या जोडप्यांनी फिरती घरं घेतली आणि फ्लोरिडाच्या वाटेला लागली. ट्वायलाने जत्रेतल्या लिलावात हात वर केला आणि तीन लामा घेऊन घरी आली. पांढरा तो सिनेटर. उरलेल्या दोघांची नावं डॉर्सीने ठेवली, बिस्किट आणि ग्रेव्ही. कारण लिलावाच्या गडबडीत त्याची सकाळची तीच न्याहारी बुडाली होती.

लिलाववाल्याने जाता जाता एवढंच सांगितलं होतं, की महिन्याला एक जंताचं इंजेक्शन द्या, चुकवू नका. का, ते सांगितलं नव्हतं. ते लोरेटाने त्याच दिवशी स्वयंपाकघरात सांगितलं. जेवायला बटाट्याच्या लगद्यावर कोंबडी आणि नूडल्स होत्या. तिने ताटातली एक नूडल उचलून काठावर ठेवली.

"समजा, हा जंत. खरा केसाएवढा असतो. याचं घर म्हणजे हरिणाचं डोकं."

"आमची हरणं?" ट्वायलाने विचारलं.

"हीच. पांढऱ्या शेपटीची. हरिणाच्या मेंदूभोवती हा सुखाने राहतो. हरिणाला कळतसुद्धा नाही. याची पिल्लं हरिणाच्या लेंड्यांतून गवतावर पडतात. तिथून गोगलगायीच्या पायात शिरतात. गवताबरोबर लामा ती गोगलगाय गिळतो."

"गोगलगाय अन् पोटात पाय," ट्वायला म्हणाली. "आणि पायात जंत."

"मग तो जंत लामाच्या अंगात मेंदूकडे निघतो. पण हे शरीर त्याच्या ओळखीचं नाही. चुकीच्या घरात शिरलेला पाहुणा अंधारात न्हाणीघर शोधत भिंती पाडत सुटतो ना, तसा तो पाठीच्या कण्यातून भटकत राहतो. जिथून जातो तिथली नस तोडतो. आधी मागचे पाय जातात. कधी मान वाकडी होते, कधी डोळा जातो. महिन्याचं इंजेक्शन त्याला कण्यात शिरायच्या आधी गाठतं. एकदा आत शिरला की मग आपण फक्त बघायचं."

डॉर्सीने आपल्या ताटातल्या नूडल्सकडे पाहिलं आणि ताट सरकवलं. "म्हणजे हरिणाला काही नाही, आणि ज्याने त्याचं काही घोडं मारलं नाही त्या सिनेटरला मरण. हा कुठला न्याय?"

"जंताला न्याय माहीत नाही," लोरेटा म्हणाली. "त्याला फक्त रस्ता माहीत आहे. तोही चुकीचा."

त्या दिवसापासून डॉर्सी योहोने हरीण आणि गोगलगाय या दोन जमातींशी युद्ध पुकारलं.

पहिल्यांदा कुंपण. आठ फूट उंच, तारेचं, सबंध कुरणाभोवती. दोन उन्हाळे त्यात गेले. मध्ये आडवं कुंपण घालून त्याने कुरणाचे दोन भाग केले, एक वरचं कोरडं, एक खालचं ओलसर, सफरचंदाच्या जुन्या झाडांचं. दोहोंत एक फाटक. खालच्या भागात गोगलगायी फार, म्हणून लामांना तिथे कायमची बंदी. मग त्याने वीस गिनी कोंबड्या आणल्या, त्या गोगलगायी खातात असं त्याने कुठे वाचलं होतं. कोंबड्यांनी एकही गोगलगाय खाल्ली नाही. त्या ट्वायलाच्या गाडीच्या टपावर बसून दिवसभर गंजलेलं दार उघडल्यासारख्या ओरडायच्या, आणि त्यांना पाहून बिस्किटला जुलाब व्हायचे. शेवटी डॉर्सी स्वतःच पहाटे कॉफीचा रिकामा डबा आणि चमचा घेऊन कुरणात उतरू लागला. ओणवा होऊन एकेक गोगलगाय चमच्याने उचलायचा.

पलीकडच्या शेतावरचा बर्ल इशी हे रोज आपल्या गोठ्याच्या दारातून बघायचा. बर्ल आडव्या अंगाचा, उभ्या जन्माचा अविवाहित.

"काय डॉर्सी, स्ट्रॉबेऱ्या झाल्या का?"

"झाल्या. डबाभर पाठवतो. साखर तुझी तू घाल."

"ट्वायला, ह्याला घरात खायला घालत नाहीस का गं?"

"घालते रे," ट्वायला खिडकीतून म्हणायची. "पण ताजं आवडतं त्याला."

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लोरेटा यायची. ट्वायला मान धरून गुणगुणायची, लोरेटा टोचायची, डॉर्सी झाकणाची ढाल घेऊन सेनापतीसारखा लांब उभा राहायचा. नाताळच्या आदल्या रविवारी मेथडिस्ट चर्चच्या अंगणात येशूजन्माचा जिवंत देखावा असायचा. खऱ्या मेंढ्या, खरं गाढव, आणि उंट म्हणून सिनेटर. पाठीवर घोंगडी, गळ्यात झालर. बर्ल दरवर्षी बाळ येशूला भेटायला येणारा पूर्वेकडचा शहाणा राजा व्हायचा, आणि दरवर्षी सिनेटर त्याच्यावर थुंकायचा. गावात अशी समजूत झाली, की तसं शास्त्रातच आहे. एके वर्षी थुंकला नाही तर पाद्री काळजीत पडला.

अशी सात वर्षं गेली. तिघांतल्या एकाचाही पाय लटपटला नाही. ट्वायला आजूबाजूच्या चार तालुक्यांत हीच एक गोष्ट अभिमानाने सांगायची.

ट्वायला कुंपणाबद्दल कधी फारसं बोलली नाही. "छान आहे," एवढंच म्हणाली होती. "तुरुंगाला शोभेल." पण कुंपण व्हायच्या आधी संध्याकाळी सफरचंदाखाली हरणं यायची आणि ती भांडी घासता घासता त्यांच्याकडे बघायची, हे डॉर्सीला माहीत होतं. कुंपण झाल्यावर ती भांडी घासताना भांड्यांकडे बघायची.

सातव्या वर्षी उन्हाळ्यात तिच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीचं नाव सांगितलं आणि मग उपचाराचं काहीच बोलले नाहीत, तेव्हा दोघांना काय ते कळलं. तिची खाट मागच्या खोलीत खिडकीपाशी हलवली. खिडकीतून खालचं कुरण दिसायचं. सफरचंदाची झाडं, ओलं गवत आणि आठ फुटी कुंपण.

सप्टेंबरात एक दिवस ती म्हणाली, "म्हाताऱ्या, या खिडकीतून हरीण बघून मला सहा वर्षं झाली."

 दुसऱ्या दिवशी डॉर्सी पकड घेऊन खाली गेला आणि कोपऱ्यातल्या दोन खांबांमधली तार त्याने कापून गुंडाळून ठेवली. आडव्या कुंपणाचं फाटक साखळीने बांधलं, म्हणजे लामा वर आणि हरणं खाली. झाडांखाली पडलेली सफरचंदं गोळा करून खिडकीसमोर ढीग केला, त्यावर मका ओतला. तिसऱ्या संध्याकाळी एक हरिणी आली, मागून दोन पाडसं.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी लोरेटा आली. सिनेटरची मान आता डॉर्सीने धरली. गुणगुणायचा प्रयत्न केला, तो बिघडलेल्या ट्रॅक्टरसारखा निघाला. सिनेटरने कान मागे टाकले, पण थुंकला नाही. तिघांना टोचून झाल्यावर लोरेटा ट्वायलाला भेटायला आत गेली आणि तिने खिडकीतून ते पाहिलं. गुंडाळलेली तार. मक्याचा ढीग. सहा हरणं.

ट्वायला उशीला टेकून बसली होती. चेहरा मुठीएवढा झाला होता. "श्श," ती म्हणाली. "ती डावीकडची बघ. धाकट्याला खाऊ देत नाही. हुबेहूब माझी नणंद."

लोरेटा तिच्याशेजारी बसून हरणं बघत राहिली. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "डॉर्सी, फाटक बंद ठेवा. काय वाटेल ते झालं तरी."

"साखळी घातलीय," डॉर्सी तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी आंधळा नाही गं."

ट्वायला ऑक्टोबरच्या शेवटच्या बुधवारी गेली. शेवटच्या संध्याकाळी तिने अकरा हरणं मोजली होती.

अंत्यविधी शनिवारी होता. नोव्हेंबरचा पहिला शनिवार. लोरेटाच्या ट्रकमध्ये थंड पेटीत तीन लामांची औषधं भरून ठेवलेली होती. चर्चच्या तळघरात दुःखाचं जेवण मांडलं होतं. मांडीवर कागदी ताट घेऊन डॉर्सी बसला होता आणि ताटातलं काहीही त्याने हलवलं नव्हतं. त्याच्यापाशी जाऊन 'चला, लामांना टोचून घेऊ' म्हणायचं तिच्या जिवावर आलं. त्या डोंगरधारेवर मयताच्या जेवणाला कामाचं कुणी बोलत नाही. बैल मेला तरी सोमवारी सांगतात. एक आठवड्याने काय होतंय, असं तिने स्वतःला समजावलं. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे गायींची धांदल उडाली. आणि मग गोठलेलं, पांढरं दव पडलं. दव पडलं की गोगलगायी संपल्या असं तिथे सगळे मानतात. एका गोठवणाऱ्या रात्रीने त्या संपत नाहीत, हे लोरेटाला तरी कळायला हवं होतं.

तिथली आणखी एक रीत आहे. ज्या घरी मयत होतं त्या घरच्या माणसाला आठवडाभर गोठ्यात पाऊल टाकू देत नाहीत. शेजारी येतात, न विचारता चारा टाकतात, पाणी भरतात, शेण काढतात, दार न वाजवता निघून जातात. योहोंच्या घरी बर्ल इशी आला. सोमवारी पहाटे त्याने पाहिलं, की वरचं कुरण कुरतडून कोरडं पडलंय, आणि खाली गुडघाभर हिरवं गवत नुसतं वाया चाललंय. तीन लामा फाटकावरून माना टाकून त्या गवताकडे बघतायत. बर्लचं मन द्रवलं. त्याने साखळी सोडली.

पाचव्या दिवशी डॉर्सी पहिल्यांदा घराबाहेर आला तेव्हा तिघं सफरचंदाखाली चरत होते. बर्ल फाटकावर रेलून कौतुकाने बघत होता.

"बघ डॉर्सी, कशी खातायत! तू यांना उपाशी मारत होतास रे. ट्वायला असती तर खूश झाली असती."

"हो," डॉर्सी म्हणाला. "थँक यू, बर्ल." त्या दिवशी त्याच्या डोक्यात ट्वायला सोडून दुसरं काही शिरायला जागाच नव्हती. लामांना वर घालायचं त्याला दोन दिवसांनी सुचलं, तेही सवयीने. डिसेंबरचा पहिला शनिवार हरिणांच्या शिकारीच्या आठवड्यात आला. त्या आठवड्यात शाळा बंद, दुकानं अर्धी बंद, धारेवरचा प्रत्येक बाप्या नारिंगी टोपी घालून रानात. लोरेटाचा दवाखानाही बंद. सिनेटरची मान धरायला डॉर्सीला कुणी मिळालं नाही, आणि आता ते काम एकट्याने होत नाही हे मांडीतल्या सुईपासून त्याला ठाऊक होतं. दवही पडून गेलंच होतं.

देखाव्याच्या रविवारी सिनेटरला घोंगडी घालून चर्चच्या अंगणात आणलं. मेंढ्या आल्या, गाढव आलं. बर्ल डोक्याला सोनेरी कागदाचा मुकुट लावून पुढे झाला आणि थुंकीची वाट बघत डोळे मिटून उभा राहिला. थुंकी आली नाही. त्याने डोळे उघडले. सिनेटरचा मागचा डावा पाय घोट्यात उलटा दुमडला होता, आणि तो त्या दुमडलेल्या पायावर उभा होता, पाय आपला नसल्यासारखा.

"उंटाने कुठे घेतली रे आज?" बर्ल म्हणाला. लोक हसले.

डॉर्सी हसला नाही. लोरेटा तिसऱ्या रांगेत होती. दोघांची नजरानजर झाली. ती गर्दीतून वाट काढत त्याच्यापर्यंत पोचली तेव्हा डॉर्सी बोटांवर आठवडे मोजत होता.

"सात," तो म्हणाला. "खालच्या गवतात गेले त्याला."

गोठ्यात आणल्यावर तिने सिनेटरच्या उजव्या डोळ्यापुढे झटकन हात नेला. पापणी लवली. डाव्या डोळ्यापुढे नेला. ती नटीची पापणी तशीच उघडी राहिली.

"खरं सांग," डॉर्सी म्हणाला.

"पाच दिवस मोठ्या मात्रेचं औषध. सूज उतरायची इंजेक्शनं. त्याने जंत मरतील. पण त्यांनी पाडलेल्या भिंती मी उभ्या करू शकत नाही. आपल्या पायांवर उभा राहिला तर जगेल. बसला आणि उठला नाही, तर..."

"उभा राहील," डॉर्सी म्हणाला. "तिने सांभाळलेलं हेच एक राहिलंय. मी ह्याला असा जाऊ देणार नाही."

नाताळच्या दुसऱ्या दिवशी सिनेटर बसला आणि उठला नाही. डॉर्सीने अग्निशमन दलाच्या पाण्याच्या जुन्या कापडी नळ्या कापून, शिवून झोळी केली. ट्रॅक्टरचं इंजिन उचलायची साखळी-कप्पी तुळईला अडकवली. नळ्या पोटाला काचतील म्हणून आत अस्तर लावलं. अस्तर कशाचं लावावं हा प्रश्न होता. ट्वायलाने कातायला ठेवलेली लोकर माळ्यावर तीन पोती पडून होती, सिनेटरचीच, सात वर्षांची. तीच लावली. सिनेटर स्वतःच्या लोकरीवर टांगला गेला.

कप्पी ओढायला दोन माणसं लागायची. बर्ल रोज पहाटे यायचा. एकाने साखळी ओढायची, दुसऱ्याने पाय जमिनीवर सरळ टेकवायचे. मग डॉर्सी मागचे पाय गुडघ्यापासून खुरापर्यंत तासभर चोळायचा आणि ट्वायलाची ती गुणगुण करायचा.

"बंद कर रे," बर्ल म्हणायचा. "तो त्रासाने पळून जाईल."

"तेच तर पाहिजे," डॉर्सी म्हणायचा.

जानेवारीत एकदा तिघं गोठ्यात असताना लोरेटाने विचारलं. विचारायला नको होतं, पण ती डॉक्टर होती. बिस्किट आणि ग्रेव्हीला तिने औषध दिलं होतं, ते ठीक दिसत होते. पण तेही किती दिवस त्या गवतात होते, हे तिला कळायला हवं होतं. "हे तिघं खालच्या कुरणात गेले कसे? फाटकाला साखळी होती ना?"

बर्लच्या हातातली साखळी थांबली. त्याचा चेहरा हळूहळू बदलू लागला. त्याने फाटकाकडे पाहिलं, मग झोळीतल्या सिनेटरकडे. "थांबा," तो म्हणाला. "ते फाटक... नोव्हेंबरात मीच नाही का..."

"तू?" डॉर्सी सिनेटरचा पाय चोळतच म्हणाला. "तू काय केलंस? तू उघडलंस, पण मी त्याच दिवशी बंद केलं. मागाहून मीच उघडं टाकलं. थेट महिनाभर. आठवतंय मला चांगलं."

"नक्की?"

"माझं फाटक आहे बर्ल. मला माहीत नसणार तर कुणाला? ओढ ती साखळी. गप्पा मारायला आलायस का?"

बर्लने साखळी ओढली. त्याचा श्वास मोकळा झालेला लोरेटाला ऐकू आला. तो गेल्यावर ती गवताच्या गाठोड्यावर बसली.

"डॉर्सी, फाटक महिनाभर उघडं असतं तर उरलेले दोघंही एव्हाना पडले असते."

"असते कदाचित."

"त्याला खरं का नाही सांगितलंत?"

"पाच दिवस पहाटे चारला उठून आला तो माझी कामं करायला. दार वाजवलं नाही. तुमच्याकडे काय म्हणतात ठाऊक नाही, आमच्याकडे त्याला चांगुलपणा म्हणतात." तो पुन्हा पायाकडे वळला. "तार मी कापली. त्याने फक्त साखळी सोडली."

"आणि मी तार पाहिली होती," लोरेटा म्हणाली. "मयताच्या दिवशी औषध माझ्या ट्रकमध्ये होतं. एक आठवडा उशिरा दिलं असतं तरी चाललं असतं. मी आलेच नाही."

डॉर्सी पाय चोळत राहिला. सिनेटर नाकातल्या नाकात गुणगुणला, तो वर जाणारा, विचारणारा सूर.

"चाळीस संध्याकाळी पाहिली तिने हरणं," डॉर्सी म्हणाला. "अडतीस म्हण. दोन दिवस धुकं होतं." मग म्हणाला, "तो पाय धर जरा. सरळ."

जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी सकाळी त्यांनी झोळी सैल सोडली आणि सिनेटर उभा राहिला. चारही पायांवर. गुडघे कापत होते, मान डावीकडे कललेली होती, पण उभा होता. बर्ल टाळ्या वाजवत पुढे झाला. सिनेटरने उजव्या, बऱ्या डोळ्याने त्याच्याकडे पाहिलं, कान मागे टाकले, आणि नाताळात राहिलेल्या थुंकीची सगळी कसर एका दमात भरून काढली. बर्ल टोपीपासून बुटापर्यंत हिरवा झाला. डॉर्सी गवतात बसून हसत राहिला, इतका, की शेवटी ते हसणं आहे की काय हे लोरेटाला कळेना. बर्लने तोंडसुद्धा पुसलं नाही. "मारा! अजून एक मारा, साहेब!" तो ओरडत होता.

सिनेटर अकरा मिनिटं उभा होता. डॉर्सीने भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं.

शुक्रवारी पुढचे पायही गेले. मान उचलेना. दुसराही डोळा लवेना. शनिवारी लोरेटा आली. फेब्रुवारीचा पहिला शनिवार जवळ आला होता, पण हे इंजेक्शन वेगळं, शेवटचं होतं. डॉर्सीने सिनेटरचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंड मिटून गुणगुणू लागला. या वेळी सूर बराचसा जमला. बर्ल गोठ्याच्या बाहेर उभा राहिला, आत आला नाही.

बिस्किट आणि ग्रेव्ही वसंतात झेन्सव्हिलच्या एका शिक्षिकेकडे गेले. कोपऱ्यातली तार डॉर्सीने पुन्हा बांधली नाही. पुढच्या वर्षी त्याला न्यूमोनिया झाला आणि तो ऑगस्टमध्ये गेला. आठवडाभर गोठ्यातली कामं करायला बर्ल आला होता, पण गोठ्यात करण्यासारखं काही नव्हतं.

आता चर्चच्या देखाव्यात प्लायवुडचा उंट असतो.